आवतन आणि बोलावणं

नांदेडला येऊन देविकाला चार महिने होत आले होते, आणि एवढ्या दिवसांत तिच्याशी मनापासून बोलले असतील तर ते फक्त रिक्षावाले.

"विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी सोडाल का? भाडे किती होईल?" असं तिनं पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा रिक्षावाल्यानं गाडी बंद करून चक्क मागं वळून बघितलं होतं.

"मॅडम, तुम्ही रेडिओवर बातम्या देता का?"

तिची मराठी अशीच होती. इस्त्री केलेली. मॉरिशसमधल्या कास्कावेल नावाच्या गावात, शाळेतल्या पुस्तकातून आणि गणपतीतल्या भजनांतून शिकलेली. घरात सगळे क्रिओल बोलत. पण खापरपणजोबा कोकणातून जहाजानं ऊस तोडायला तिकडं गेले होते, त्यामुळं घराण्याची भाषा मराठी, असं वडील छाती फुगवून सांगत. त्या खापरपणजोबांचं नाव बाबाजी. तिकडच्या कारकुनानं तेच आडनाव म्हणून लिहिलं आणि पिढ्यान् पिढ्या सगळे बाबाजी झाले. नांदेडला तिच्या समोरच्या घरात राहणाऱ्या सरजाबाईंना हे नाव कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या. "बाबाजी? एवढ्या गोड पोरीला साधू-बैराग्याचं आडनाव?"

शिष्यवृत्ती मिळाली, एम.ए. मराठीला नांदेडचं विद्यापीठ मिळालं, तेव्हा देविकाला वाटलं होतं की आपण परदेशी चाललोच नाही, आपण घरी चाललोय. पण इथली माणसं बोलायला लागली की तिला निम्मं कळायचं, आणि ती बोलायला लागली की इथली माणसं गालातल्या गालात हसायची. हॉस्टेलला जागा नव्हती म्हणून विष्णुपुरीला मल्लम्माकाकूंच्या घरी माडीवरची खोली तिनं घेतली. मल्लम्माकाकू मूळच्या उदगीरच्या. त्यांचे यजमान संगमेश्वर अप्पा किराणा दुकान चालवत. खोलीची अट एकच: "आम्ही लिंगायत. घरात अंडंबी चालत न्हाई."

लोक वाईट नव्हते. जाता-येता सगळे विचारायचे, "जेवलीस का?" ती थांबून, मान तुकवून उत्तर द्यायची, "होय, भोजन झाले." मग समोरच्याला पुढं काय बोलावं ते सुचायचं नाही, आणि तिलाही नाही. वर्गातली मंजुश्री, जळकोटची, तेवढी बाकावर शेजारी बसायची, स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढं सरकवायची. पण तास संपला की ती हॉस्टेलच्या मैत्रिणींच्या घोळक्यात दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी देविका खोलीत एकटीच चहा करायची, आणि कप एकच असल्यामुळं धुवायलाही फार वेळ लागायचा नाही.

तिकडं पुण्यात वसंती होती. कास्कावेलच्या शेजारच्या गावची. तिच्यासोबत मॉरिशसची आणखी चार-पाच मुलं. रोज कुठं ना कुठं हिंडायची, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फोटो पाठवायची. गेल्या आठवड्यात वसंतीचा फोन आला. "आमच्या विभागात एक जागा रिकामी झालीय. पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचंय. ये ना गं! तिथं एकटी काय करतेस?"

देविकानं रात्रभर विचार केला आणि सकाळी आईला फोन लावला.

"मी आपली दाल पुरी करते आणि इथल्या सगळ्यांना एकदा जेवायला बोलावते. आले तर राहीन. नाही आले तर पुण्याला जाईन."

"दाल पुरीवर आयुष्य ठरवणार तू?" आई म्हणाली.

"मग कशावर ठरवू?"

आईनं तुरीची नव्हे, हरभऱ्याची डाळ घे, फार शिजवू नकोस, एवढंच बजावून सांगितलं.

त्याच दिवशी देविका खाली गेली आणि मल्लम्माकाकूंना म्हणाली, "पुढील रविवारी दुपारी बारा वाजता आपण सर्वांनी माझ्याकडे भोजनास यावे."

"येतो की!" मल्लम्माकाकू म्हणाल्या. त्यांची लेक सुकन्या बाळंतपणासाठी लातूरहून माहेरी आलेली होती. तिनं मांडीवरच्या बाळाचा हात धरून हलवला. "हा बी येतो म्हणतोय."

सरजाबाईही म्हणाल्या, "येते की!" मंजुश्रीला तिनं फोनवर संदेश पाठवला, त्यावर हात जोडल्याचं चित्र आलं. तीन घरांतून तीन होकार. देविकाला शनिवारी रात्री झोपच आली नाही.

रविवारी पहाटेपासून तिची एका शेगडीवर लढाई सुरू झाली. डाळ शिजवली, निथळली, हळद-जिरं घालून कोरडी वाटली. मैद्याच्या गोळ्यात भरून पुऱ्या लाटल्या, म्हणायच्या पुऱ्या, पण असतात पोळीएवढ्या, आणि इतक्या पातळ की आतली पिवळी डाळ वरून दिसावी. मोठ्या पांढऱ्या घेवड्याची आमटी, टोमॅटोचं दाटसर कालवण, हिरव्या मिरचीचा ठेचा. तव्यावर भाजलेल्या पुऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, खोली झाडली, चटई अंथरली, ताटं मांडली. बारा वाजता केसांत गजरा माळून ती दाराकडं तोंड करून बसली.

कोणी आलं नाही.

सव्वाबारा झाले. इथली माणसं थोडी उशिरा येतात, हे तिला माहीत होतं. पाऊण वाजला. ती खिडकीत गेली. समोर सरजाबाई गॅलरीत आल्या होत्या, चांगली ठेवणीतली साडी नेसून. देविकानं हात हलवला. सरजाबाईंनीही हात हलवला, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि आत निघून गेल्या. दुसरीकडं कुठंतरी जायचं असेल त्यांना, असं देविकाच्या मनात आलं.

खाली एरवी दुपारी मल्लम्माकाकूंच्या कुकरच्या शिट्ट्या सगळ्या गल्लीला ऐकू जात. आज एकही झाली नव्हती. देविकाच्या ते लक्षातही आलं नाही.

तिला कळेना, आपलं चुकलं कुठं. नांदेडमधे चार माणसांत बसून ती जेवली होती ती फक्त गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमधे. तिथं कोणी विचारत नाही, कोण कुठली; जायचं, ओळीत बसायचं, वाढलेलं खायचं. इतकं सोपं असतं ते. मग माझ्याकडे यायलाच एवढं जड का झालं सगळ्यांना?

दीड वाजला. पुऱ्यांच्या कडा वाळायला लागल्या. देविकानं गजरा काढून खिडकीत ठेवला, फोन उचलला आणि वसंतीला दोनच शब्द पाठवले: मी येते. पलीकडून नाचणाऱ्या बाहुल्यांच्या चित्रांची रांगच आली. तिनं तोंड धुतलं, आरशात बघून चेहरा नीट केला, आणि खोली सोडत असल्याचं मल्लम्माकाकूंना सांगायला जिना उतरली.

दार उघडंच होतं. आत सगळं घर तयार होऊन बसलं होतं.

मल्लम्माकाकूंनी इरकल नेसलं होतं, नाकात नथ होती. संगमेश्वर अप्पा पांढरा शुभ्र सदरा आणि टोपी घालून, फोटोला बसावं तसे खुर्चीत ताठ बसले होते. सुकन्याच्या मांडीवरच्या बाळाला नवं झबलं, नवं टोपडं, काजळाची तीट. आणि सगळ्यांची तोंडं उतरलेली.

"आलीस?" मल्लम्माकाकू पदर सावरत तटकन उठल्या. "किती गं उशीर पोरी! चला हो, उठा."

"कुठे?" देविकानं विचारलं.

"कुठं म्हंजे? जेवायला!"



"भुकेनं जीव चाललाय," अप्पा म्हणाले. "मी तीनदा म्हणलं, वर जाऊन बघून येऊ का. तर ही म्हणती, बोलवल्याबिगर पाय उचलायचा न्हाई."

"अप्पांनी दोन केळी खाल्ली," सुकन्या म्हणाली.

"एक!"

"एक माझ्यासमोर. एक देवघरातली."

"काकू," देविका म्हणाली, "मी आपणास गेल्या रविवारीच सांगितले होते. बारा वाजता."

"सांगितलंस की. ते आवतन झालं." मल्लम्माकाकूंनी हात हवेत उडवला. "आवतन म्हंजे ध्यानात असू द्या, त्या दिवशी चूल पेटवू नका. पण पानं मांडली की बोलवायला यावं लागतंय का न्हाई? बोलावणं आल्याबिगर ताटावर जाऊन बसायचं म्हंजे लोक काय म्हणतील? हपापल्यासारखं दिसतंय ते."

"परंतु आपण तर एकाच घरात राहतो. फक्त जिना..."

"मग काय झालं? उदगीरला माझी सख्खी जाऊ भिंतीपलीकडं ऱ्हायची. पण तिच्याकडं पंगत असली तर तिचं लेकरू 'चला' म्हणून आल्याबिगर मी उंबरा वलांडला न्हाई कधी. आन् मी बोलवल्याबिगर तीबी आली न्हाई." मग त्यांचा स्वर एकदम खाली आला. "आम्हाला वाटलं, पोरीचा बेत फसला. काहीतरी करपलं असंल, लाजून बसली असंल वरी. म्हणून आम्ही बी गप बसलो."

"मला वाटलं," देविका म्हणाली, आणि या खेपेला तिची इस्त्री मोडली, "मला वाटलं कुणाला यायचंच नव्हतं."

अप्पांनी टोपी काढली, परत घातली. बाळ मात्र आपल्याच मुठीकडं मन लावून बघत होतं. सुकन्या उठली, देविकापाशी आली आणि काही न सांगता तिनं बाळ तिच्या कडेवर दिलं. दुधाचा, वेखंडाचा, उन्हात वाळवलेल्या दुपट्याचा वास. त्या इवल्या जिवानं देविकाचा कान घट्ट पकडला.

"जा, सरजामावशीला बोलावून ये," सुकन्या म्हणाली. "याला घेऊनच जा. कडेवर लेकरू असलं की 'एवढा उशीर का' म्हणून कोणी भांडत न्हाई."

पण सरजाबाई भांडल्याच. दारातच.

"आत्ता आलीस होय? मला वाटलं मल्लम्माला नेऊन बसवलीस आन् मला इसरलीस! चार येळा गॅलरीत येऊन गेले. आन् तू नुस्ता हात हलवून राहिली!"

"मी आपणास अभिवादन करत होते."

"अभिवादनानं पोट भरतंय का?" सरजाबाईंनी बाळाचा गालगुच्चा घेतला. "थांब. पहिल्यांदा माझ्या घरात आलीस, तशीच कशी जाशील?" त्यांनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, वाटीत साखर आणि खोबऱ्याचा तुकडा दिला. देविका म्हणाली की तिकडे सगळे उपाशी आहेत.

"दोन तास थांबलेत, अजून दोन मिन्टं थांबतील. मल्लम्माला सवय हाय. तिचा उपास असला म्हंजे सगळ्या गल्लीला कळतंय, पण मरत काय न्हाई."

चार महिने देविका या घराच्या समोर राहत होती. आत आली होती ती आज. भिंतीवर सुनेचा, नातवंडांचा फोटो होता, बहुधा औरंगाबादचा, कारण मागं लेणी दिसत होती. कोपऱ्यात एकच खुर्ची, एकच ताट पालथं. सरजाबाईंनी दाराला कडी घातली आणि जिन्यावरून उतरताना देविकाचा हात धरला. आधारासाठी असेल, किंवा नसेलही.

मंजुश्रीला तिनं रस्त्यातच फोन लावला. आता तिला कळलं होतं.

"मंजुश्री, चल. जेवायला ये."

"आता आठवण आली व्हय तुला?"

"मी संदेश पाठवला होता ना."

"तो संदेश होता का कोर्टाची नोटीस? 'माझ्या निवासस्थानी भोजनास यावे.' मी म्हणलं, हिनं वर्गातल्या सगळ्यांलाच टाकला असंल, आपून कशाला जावं उगं. माणसानं एक फोन तरी करावा का न्हाई?"

"तू जेवलीस का?"

"हाव, जेवले की. मेसमधे." मग फोनवर एक लांब श्वास ऐकू आला. "न्हाई गं. सकाळपासून केस धुवून बसले. हॉस्टेलच्या पोरी हसायलेत मला. आलेच बघ."

आणि ती आलीच, ओल्या केसांनी, धापा टाकत, चपला जिन्यातच भिरकावून.

पंगत बसली. देविकानं पुऱ्या तव्यावर पुन्हा गरम करून वाढल्या. मल्लम्माकाकूंनी पहिला घास घेतला, चावला, थांबल्या, आणि पुरीचा उरलेला तुकडा उजेडात धरून बघितला.

"पुरण तर हाय आत. गूळ घालायचा इसरलीस का गं?"

"नाही काकू. यात गूळ नसतोच."

"नसतो? मग एवढी खटपट कशापायी?"

"मीठ असतं. आमटीबरोबर खातात."

"पुरणाची पोळी, आन् आमटीबरोबर!" मल्लम्माकाकूंनी सरजाबाईंकडं बघितलं. सरजाबाईंनी बोलण्याच्या भानगडीत न पडता तिसरी पुरी ओढून घेतली. अप्पा तर मान वर करायलाच तयार नव्हते.

"लई भारी झालंय," मंजुश्री ठेच्यावर बोट फिरवत म्हणाली. "फक्त हे तिखट म्हणून सांगू नको हां कुणाला जळकोटमधे. लेकराला भरवतेत असलं."

सुकन्या मागाहून जेवायला बसली, तेव्हा बाळ देविकाच्या मांडीवर झोपलं होतं. बाकीच्या सगळ्याजणी आमटीत गूळ घालून बघावा का यावर वाद घालत होत्या. सुकन्या हळूच म्हणाली, "मला लातूरला दिलं ना, तेव्हा पहिले कितीतरी महिने मी चोरून रडायची. नळ मोठा सोडायचा आन् रडून घ्यायचं, म्हंजे कुणाला ऐकू जात न्हाई."

देविकानं तिच्याकडं बघितलं.

"पण लातूरचा नळ!" सुकन्या हसायला लागली. "आठ-आठ दिवसांनी येतोय. रडायलाबी वाट बघावी लागायची. आन् तो आला की सासूबाई हाक मारायच्या, आधी हंडे भर गं! मग हंडे भरता भरता रडायचंच राहून जायचं."

"मग थांबलं कसं?"

"थांबलं म्हंजे... शेजारची एक बाई नळावर विचारायला लागली, डोळे का लाल? मी म्हणलं, कांदा. ती म्हणाली, तुमच्याकडं रोज कांद्याचीच भाजी असती का? तिथून सुरू झालं बोलणं." तिनं पुरीचा तुकडा आमटीत बुडवला. "तू पण एकटीच वरी काय बसतीस? खाली येत जा की. मला तर दिवसभर ह्याच्याशिवाय बोलायला कोणी न्हाई, आन् हा काय उत्तर देत न्हाई."

मांडीवरच्या बाळाचं टोपडं देविकानं उगाचच दोनदा नीट केलं.

जेवणं झाली तशी आवतनं सुरू झाली. पुढचा रविवार सरजाबाईंनी घेतला, धपाटे आणि दही. मल्लम्माकाकू म्हणाल्या की त्याच्या पुढचा माझा, आणि त्या दिवशी हिला खऱ्या पुरणाची पोळी दाखवते, गूळ घातलेली. मंजुश्री म्हणाली, "आन् येळवशीला जळकोटला यायचं माझ्यासंगं. शेतात."

"येळवस म्हणजे?"

"येळ अमावस्या गं. आमच्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत न्हाई, सगळे शेतात. कडब्याची कोपी, लहान खोपटं गं, उभी करतेत, पूजा करतेत, आन् मग भज्जी, उंडे, आंबील. चालता येणार न्हाई इतकं खायचं."

"आणि बोलावणं कधी येईल?" देविकानं घाईघाईनं विचारलं. "मी इथेच तयार होऊन बसू का?"

सगळ्या हसल्या. मंजुश्रीला तर ठसका लागला. "येळवशीला बोलावणं न्हाई, आवतन न्हाई, काय न्हाई! रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाबी हाक मारून बसवतेत त्या दिवशी."

"म्हणजे जेवायला या म्हटलं की यायचं नसतं, आणि काही म्हटलं नाही की यायचं असतं?"

"शिकली!" अप्पा भिंतीला टेकून, डोळे मिटून म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. वसंती होती. देविकाला एकदम दुपारचे ते दोन शब्द आठवले. ती फोन घेऊन मोरीपाशी गेली. सरजाबाई तिथं तवा घासत होत्या. तू राहू दे, मला बसून राहवत न्हाई, असं म्हणून त्यांनी तो देविकाच्या हातून काढूनच घेतला होता.

"मी घरमालकिणीशी बोललेसुद्धा!" वसंती क्रिओलमधे किंचाळत होती. "माझ्या खोलीतच राहा. पुढच्या रविवारी ये सामान घेऊन."

"पुढच्या रविवारी नाही जमणार," देविका म्हणाली. "पुढचा रविवार सरजाबाईंचा आहे."

"बरं, मग त्याच्या पुढच्या."

"तो मल्लम्माकाकूंचा. आणि त्यानंतर येळवस आहे." तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. "वसंती, रागावू नकोस. मी नाही येत. मघाशी मी कळवलं ते चुकीचं होतं. मला वाटलं होतं कुणी आलं नाही. पण ते सगळे तयार होऊन बसले होते गं."

"कोण तयार होऊन बसले होते? आणि ह्या सरजाबाई कोण?"

देविकानं बघितलं. सरजाबाई राखेनं भरलेले हात कोपरापर्यंत वर धरून, मान वळवून सगळं ऐकत होत्या. शब्द एकही कळत नव्हता, पण स्वतःचं नाव त्यांना दोन्ही वेळा बरोबर ऐकू आलं होतं.

"थांब, त्यांच्याशीच बोल," देविका म्हणाली आणि फोन सरजाबाईंच्या कानाला लावून धरून उभी राहिली.

"कोण बोलतंय? पुण्याहून का?" सरजाबाई मोठ्यानं ओरडल्या. "कुणाची गं तू? ... हिच्या गावाकडची व्हय! ... न्हाई, न्हाई, आता हिला कुठं नेतीस? आमचं काय ठरलंय माहिताय का... तूच ये की इकडं. हां. रविवारी. धपाटे करणाराय मी. आवतन दिलं बघ तुला."

"आवतन दिलंत खरं," आतून मल्लम्माकाकूंचा आवाज आला, "पण पुण्याला बोलवायला कोण जाणार?"

"तू जा की. बोलावण्याची रीत तुझीच हाय ना?"

"आवतन तुमचं आन् बोलवायला मी?"

मग दोघींची जी जुंपली, ती वसंतीनं पुण्यात बसून शेवटपर्यंत ऐकली. फोन तिनं ठेवलाच नाही.